लक्ष देणे, लक्ष लागणे आणि लक्ष ठेवणे : शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या भाषेचे एक परीक्षण

मराठीत ‘लक्ष’ या नामाबरोबर जी क्रियापदे येतात ती शेजारी शेजारी मांडून पाहिली, तर एका संपूर्ण व्यवहाराचे व्याकरण हाती येते. ‘मी लक्ष दिले’ या वाक्यात ऐकणारा कर्ता आहे. देणे अथवा न देणे त्याच्या स्वाधीन आहे. ‘माझे लक्ष लागले’ असे म्हणताच कर्तेपण ऐकणाऱ्याकडून निघून लक्षाकडेच जाते. ते जडले, कोणी जडवले नाही. ‘वक्त्याने लक्ष वेधून घेतले’ या वाक्यात सत्ता वक्त्याची आहे. आणि ‘पर्यवेक्षकाने लक्ष ठेवले’ या वाक्यात तर लक्ष ऐकणाऱ्याचे उरतच नाही. ते पहारा करणाराचे होते. नाम एकच, परंतु क्रियापद बदलले की त्या लक्षाचा धनी बदलतो.

हा विचार मनात येण्याचे कारण असे की, अध्यापकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाविषयी अलीकडे जेथे जेथे चर्चा होते, तेथे ‘प्रशिक्षणार्थींना गुंतवून कसे ठेवावे’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण ज्या शब्दांत तो विचारला जातो त्यांची फोड करून पाहण्यासारखी आहे. ‘गुंतणे’ हे अकर्मक क्रियापद; त्याचे प्रयोजक रूप ‘गुंतवणे’; आणि त्यावर पुन्हा ‘ठेवणे’ या क्रियापदाचा भार. सूत गुंतते, पाय गुंततो, पैसा गुंतवला जातो. येथे शिकणारा ‘ना’ प्रत्यय लावून कर्माच्या जागी बसविलेला आहे. कर्ता आयोजक आहे. ज्या इंग्रजी शब्दाचे हे भाषांतर, त्याच्या अर्थात निदान स्वतः दिलेल्या वचनाची एक जुनी छटा आहे. मराठीत येताना ती गळून पडली आणि गुंता तेवढा राहिला. कोणी म्हणेल की, भाषांतरित शब्दावर इतका भार टाकणे हा केवळ शब्दच्छल झाला. तसे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. त्या शब्दात जी वाक्यरचना आहे तीच या प्रशिक्षणवर्गांच्या सबंध संहितेत, चित्रफितींत, प्रश्नावलीत आणि हजेरीच्या पद्धतीत आढळते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी ‘स्वयम्’ या मंचावरून ‘अर्पित’ नावाचे ऑनलाइन उजळणीवर्ग २०१८ साली सुरू झाले. शालेय शिक्षकांसाठी २०१९ मध्ये आरंभलेला ‘निष्ठा’ हा कार्यक्रम प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापक यांच्यापर्यंत समोरासमोर पोचावयाचा होता. साथीमुळे ऑक्टोबर २०२० पासून तो ‘दीक्षा’ मंचावर १८ भागांत ऑनलाइन झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली. महाराष्ट्रात बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी जे प्रशिक्षण आवश्यक असते, तेही २०२२ मध्ये ऑनलाइन घेण्यात आले. म्हणजे पाच वर्षांच्या आत अध्यापकाचे पुनःशिक्षण हे बहुतांशी पडद्यावर आले, आणि तेही वेतनाशी वा बढतीशी बांधलेले असे.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे; कारण या विषयावरचे जे परदेशी वाङ्मय आपल्याकडे सर्रास उद्धृत केले जाते, ते मुख्यतः ऐच्छिक वर्गांविषयी आहे. तेथील चिंता गळतीची. हार्वर्ड व एम.आय.टी. यांच्या एडेक्स मंचावरील अभ्यासक्रमांची आकडेवारी जस्टिन राइश व होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंते यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्यांपैकी अवघ्या ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पण ज्यांनी शुल्क भरून प्रमाणपत्राचा मार्ग पत्करला होता त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होते. आपल्याकडे परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. प्रमाणपत्रावाचून वेतनश्रेणी अडत असेल, तर वर्ग पूर्ण होणारच. गळती नाही, जे आहे ते वेगळेच आणि मोजण्यास अधिक अवघड आहे. वर्ग पूर्ण करूनही त्यात कधी उपस्थित नसलेला शिक्षक हा आपला प्रश्न आहे, आणि पूर्णतेचा आकडा त्याला पकडू शकत नाही. किंबहुना हा आकडा जितका शंभराच्या जवळ जातो तितका तो कमी बोलतो.

अशा उपस्थित-अनुपस्थितांत प्रस्तुत लेखकही एकदा होता, हे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका उजळणीवर्गाला दोन आठवडे रोज सहा तास पडद्यासमोर बसण्याचा योग आला. सकाळी व्याख्याते म्हणत, ‘सर्वांना आवाज येतोय ना?’ मग लेखी संदेशांच्या चौकटीत नमस्कारांची आणि सुप्रभातांची रांग लागे. मॅलिनॉव्स्की याने १९२३ साली ज्या भाषाव्यवहाराला केवळ संबंध टिकविण्यापुरते बोलणे म्हटले, त्याचा इतका निर्भेळ नमुना प्रत्यक्ष जीवनातही क्वचित सापडतो. तासाच्या शेवटी ‘समजले ना?’ असा प्रश्न येई आणि पुन्हा ‘हो सर’, ‘खूप छान’ अशी रांग. मधल्या काळात मी उत्तरपत्रिका तपासत असे. माझ्या नावाची काळी चौकट मात्र पडद्यावर अढळ होती.

हा दोष व्याख्यात्यांचा होता असे मी म्हणणार नाही. त्यांतील दोघे तर आपापल्या विषयातले जाणते होते. पण ‘समजले ना?’ या प्रश्नाकडे थोडे थांबून पाहावे. मराठीत ‘समजले का?’ आणि ‘समजले ना?’ यांत भेद आहे. ‘का’ने होय आणि नाही ही दोन्ही दारे उघडी राहतात, ‘ना’ने होकार गृहीत धरून फक्त त्यावर शिक्का मागितला जातो. वर्गात ‘समजले ना?’ विचारणाऱ्या शिक्षकाचे काम त्याच्या प्रश्नाने होत नसून डोळ्यांनी होत असते. तिसऱ्या बाकावरची कपाळावरची आठी त्याला दिसते आणि होकार मिळूनही तो मागे वळतो. पडद्यावर आठी दिसत नाही, म्हणून होकार तेवढा उरतो.

संभाषणातील पाळीच्या व्यवस्थेचे जे विवेचन सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ मध्ये केले, त्यात पुढचा बोलणारा कोण हे ठरविण्याची साधने सांगितली आहेत. दृष्टी हे त्यांतील मोठे साधन. दहा भाषांची तुलना करणाऱ्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर एका सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके आढळले. त्या दहांत मराठी नव्हती. पण आपण बोलताना याहून फार वेगळे वागत असू असे मानण्यास कारण दिसत नाही. आता ध्वनी पोचण्यास होणारा विलंब, बंद असलेला माइक चालू करण्याचा वेळ आणि ‘कोण बोलणार’ हे ठरविणाऱ्या नजरेचा अभाव, ही तिन्ही एकत्र करावीत. ऐंशी जणांना मिळून विचारलेला प्रश्न हा कोणालाच विचारलेला नसतो. त्यानंतरची शांतता व्याख्यात्याला असह्य होते, तो स्वतःच उत्तर देतो, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत सर्व श्रोत्यांना हे कळून चुकते की, येथे उत्तर देण्याची आवश्यकता नाही. लक्ष न देण्याचा हा धडा प्रशिक्षणाने स्वतःच दिलेला असतो.

थेट व्याख्यानांपेक्षा आधीच लिहून वा चित्रित करून ठेवलेले घटक अधिक विचारार्ह आहेत. कारण तेथे भाषा हेच एकमेव साधन असते. पुढील वाक्य कोणत्याही एका वर्गातून घेतलेले नाही. अनेक घटक वाचल्यावर जी वाक्यरचना कानात बसते तिचा नमुना म्हणून ते मी रचले आहे : ‘शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या पूर्वज्ञानाचा विचार करून अध्ययन निष्पत्तींच्या संपादनासाठी आनंददायी वातावरणाची निर्मिती करणे अपेक्षित आहे.’ हे वाक्य कोण कोणाला सांगत आहे? वाचणारा शिक्षक आहे, आणि वाक्यात ‘शिक्षकांनी’ हा तृतीय पुरुष आहे. म्हणजे शिक्षकाशी बोलताना शिक्षकाविषयी बोलले जात आहे, जणू तो खोलीत नाही. सर्व क्रिया नामांत गोठल्या आहेत : विचार, संपादन, निर्मिती. आणि ‘अपेक्षित आहे’ या क्रियापदाला अपेक्षा करणारा कर्ता नाही. ही शिकविण्याची भाषा नव्हे. ही परिपत्रकाची भाषा आहे. परिपत्रक वाचण्याची प्रत्येक शिक्षकाची एक तरबेज रीत असते : शेवटची तारीख पाहायची आणि सही करायची. घटकाची भाषा परिपत्रकाची असेल, तर तो त्याच रीतीने वाचला जाणार, यात नवल नाही.

याच विधानाचे मराठी शिक्षक आपल्या सहकाऱ्याशी बोलताना काय करील? तो म्हणेल, ‘उद्या अपूर्णांक सुरू करण्यापूर्वी मुलांना विचारून पाहा, घरी भाकरी वाटतात ती कशी वाटतात.’ येथील ‘विचारून पाहा’ हे संयुक्त क्रियापद लक्षणीय आहे. ‘विचारा’ ही आज्ञा. ‘विचारावे’ ही सूचनाफलकाची भाषा. ‘विचारूया’ मध्ये बोलणारा स्वतःही सामील. आणि ‘विचारून पाहा’ मध्ये प्रयत्न फसण्याची मुभा गृहीत आहे. कारण पाहायचे आहे, म्हणजे निकाल आधी ठरलेला नाही. मराठीने प्रौढ माणसाला काही शिकविण्यासाठी इतके सोयीचे रूप तयार ठेवले असताना, प्रौढांच्या शिक्षणाच्या संहितेतून तेच हद्दपार व्हावे, हे खेदजनक आहे. भाषांतराचा यात मोठा वाटा आहे. मूळ घटक इंग्रजीत वा हिंदीत सिद्ध होतात आणि मराठीत त्यांचे रूपांतर घाईने होते. पालक, ग्रामस्थ, माजी विद्यार्थी या सर्वांना मिळून ‘भागधारक’ म्हटलेले मी वाचले आहे. शाळेची मर्यादित कंपनी कधी झाली, असे एका मुख्याध्यापकांनी मला विचारले, आणि त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

संबोधनाचा प्रश्न केवळ शैलीचा नाही, हे आता प्रयोगांनीही दाखविले आहे. दूरशिक्षणाची संहिता ही संवादाच्या वळणाची असावी, असे स्वीडिश अभ्यासक बोर्ये होल्मबर्ग बरीच वर्षे सांगत असत. रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये श्वसनसंस्थेवरील एका छोट्या सचित्र निवेदनात काही ठिकाणी ‘द’ या उपपदाऐवजी ‘युअर’ घातले, म्हणजे ‘नाक’ऐवजी ‘तुमचे नाक’ केले. एवढ्याने शिकणाऱ्यांची नव्या प्रश्नांची उत्तरे देण्याची शक्ती वाढल्याचे आढळले, जरी पाठांतरात फरक पडला नाही. या निष्कर्षाचा आधार घेऊन आपल्याकडील एखादा आयोजक मराठी घटकात जागोजागी ‘तुमच्या’ घालू लागला, तर मात्र तो फसेल. मराठीला उपपद नाही. ‘नाक पुसले’ म्हटले की ज्याने पुसले त्याचेच नाक समजले जाते. ‘तुमचे’ घालण्याने जवळीक वाढण्याऐवजी दुसऱ्या कोणाच्या नाकाशी विरोध सूचित होण्याचा संभव अधिक. इंग्रजीत जे काम एका सर्वनामाने होते, त्यासाठी मराठीत क्रियापदाकडे पाहावे लागते.

आणि मराठीत सर्वनामे घ्यावीत, तर तेथे ‘आपण’ उभे आहे. हा शब्द आदरार्थी द्वितीय पुरुष आहे आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारा प्रथम पुरुष अनेकवचनही आहे. भविष्यकाळात क्रियापद निवाडा करते : ‘आपण पाहू’ म्हणजे तुम्ही आणि मी, ‘आपण पाहाल’ म्हणजे तुम्ही, सन्मानपूर्वक, माझ्याशिवाय. भूतकाळात मात्र ‘मागील घटकात आपण पाहिले’ या वाक्यात क्रियापद कर्माकडे वळते आणि निवाडा होत नाही. ही संदिग्धता उपकारक ठरू शकते. चांगला शिक्षक तिचा उपयोग करून श्रोत्याला नकळत आपल्या बाजूला ओढतो. परंतु तपासलेल्या बहुतेक घटकांत ‘आपण’ हे केवळ ‘पाहाल’, ‘जाणून घ्याल’, ‘सक्षम व्हाल’ अशा रूपांबरोबर आढळते. सन्मान आहे, सोबत नाही.

चित्रफितींच्या लांबीविषयी फार लिहिण्याची इच्छा नाही, पण एक प्रवाद दूर करणे आवश्यक आहे. ‘चित्रफीत सहा मिनिटांहून मोठी नसावी’ हा नियम सध्या वेदवाक्यासारखा सांगितला जातो. त्याचे मूळ फिलिप गुओ, जुहो किम व रॉब रुबिन यांच्या २०१४ च्या अभ्यासात आहे. चार अभ्यासक्रमांतील चित्रफिती ६९ लाख वेळा पाहिल्या गेल्याच्या नोंदींवरून त्यांनी असे दाखविले की, चित्रफीत कितीही मोठी असली तरी पाहण्याचा मध्यम काळ फार तर सहा मिनिटे भरतो. पण त्याच लेखात उत्साहाने, काहीशा जलद गतीने बोलणारे आणि हाताने आकृती काढीत समजावणारे अध्यापक अधिक पाहिले जातात, हेही सांगितले आहे. शिवाय चित्रफीत चालू असताना समोरचा माणूस खरोखर लक्ष देत आहे की ती नुसती वाजते आहे, हे या मोजणीतून कळत नाही, अशी स्पष्ट कबुलीही आहे. आपल्याकडे यातील मिनिटे तेवढी घेतली गेली. परिणाम असा की, चाळीस मिनिटांचे संथ व्याख्यान सात तुकड्यांत कापले जाते, आणि प्रत्येक तुकडा वाक्याच्या मध्यावर सुरू होऊन वाक्याच्या मध्यावर संपतो.

ज्या समाजात कीर्तन तासन् तास ऐकले गेले, त्याला दीर्घ श्रवण जमत नाही हे म्हणणे धाडसाचे ठरेल. कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग आहे. मध्ये नामाचा गजर आहे, त्या वेळी श्रोता टाळी वाजवतो, आवाज देतो, बसण्याची रीत बदलतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितलेले आहे, आणि पुढे त्या मागणीविषयी संकोचही व्यक्त केला आहे. म्हणजे अवधान ही श्रोत्याने द्यावयाची वस्तू आहे, वक्त्याचा हक्क नाही, ही जाणीव मराठी निरूपणाच्या परंपरेत सातशे वर्षांहून जुनी आहे. अर्थात हे साम्य फार ताणू नये. कीर्तनाला येणारा आपखुशीने येतो आणि त्याची वेतनवाढ हरिदासाच्या हाती नसते.

प्रश्नावलींकडे वळू. बहुपर्यायी प्रश्न, कितीही वेळा उत्तर देण्याची सोय, आणि उत्तीर्ण होताच मिळणारे प्रमाणपत्र, अशी ही रचना असते. उत्तरांची यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर घटकाच्या आधी पोचते हे गुपित नाही. ती नसली तरी काम अडत नाही, कारण प्रश्नाची भाषाच उत्तर सांगते : चार पर्यायांत जो सर्वांत लांब, ज्यात ‘सर्वांगीण’ वा ‘बालककेंद्री’ आहे, तो बरोबर, ‘फक्त’ आणि ‘केवळ’ असलेले पर्याय चूक, ‘वरील सर्व’ असेल तर डोळे मिटून तोच. याचा अर्थ परीक्षा निरुपयोगी असा नाही. रोडिगर व कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखविले की, उतारा पुनःपुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात. पण आठवड्यानंतर, ज्यांनी एकदा वाचून मग तो आठवून लिहिला तेच पुढे जातात. आठवावे लागणे हे शिकण्याचे साधन आहे. परंतु लांब पर्याय ओळखण्यात काही आठवावे लागत नाही.

येथे काय पणाला लागले आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘मुलांच्या घरच्या बोलीचा आदर करावा’ या विधानापुढे बरोबरची खूण केलेली शिक्षिका दुसऱ्या दिवशी वऱ्हाडातल्या आपल्या वर्गात ‘डोया’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत लाल रेघ मारते. ती ढोंग करीत नाही. तिला ते विधान मान्यच आहे. त्या विधानाचा आणि ‘डोया’चा संबंध आहे, हे तिला कोणी सांगितलेले नाही. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी नियमाने ‘य’ येतो, हे एकदा कळले की ते अशुद्धलेखन न राहता ध्वनिनियम होतो, आणि मग लाल रेघ मारताना हात थबकतो. शुद्धलेखन शिकवायचेच आहे. पण नियमाने बोलणाऱ्या मुलाला ते जसे शिकवायचे, तसे निष्काळजी मुलाला शिकवायचे नसते. प्रशिक्षणाचा उद्देश हा थबकणारा हात होता. प्रमाणपत्रावर तो कोठे नोंदविला जात नाही.

टीका करणाराने स्वतः काय केले, असे विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे. भाषाशिक्षकांसाठी असा एक वर्ग चालविण्याचे काम पुढे माझ्याकडे आले. पहिल्या खेपेस मी जे करू नये म्हणून वर लिहिले आहे त्यातील बहुतेक सर्व केले : चांगली तयारी करून बोलीविज्ञानावर आठ व्याख्याने चित्रित केली, प्रश्नावली घातली, सर्व जण उत्तीर्ण झाले. अभिप्रायांत ‘अतिशय उपयुक्त’ असे सर्वांनी लिहिले. महिनाभराने त्यांतील एका शिक्षकाची गाठ पडली असता मी व्याख्यानांतील एक उदाहरण काढले. ते माझेच आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

दुसऱ्या खेपेस व्याख्याने तीनच ठेवली. पहिले काम असे दिले की, आठवडाभर वर्गात कान द्यावा आणि पुस्तकाहून निराळी अशी मुलांची दहा वाक्ये जशीच्या तशी लिहून पाठवावीत. लिहिणे जमत नसेल तर मोबाइलवर बोलून पाठवावीत. दुरुस्ती करून पाठवू नयेत, एवढीच अट. मेळघाटातल्या एका शिक्षिकेकडून सहा वाक्ये आली, सोबत क्षमायाचना : नेटवर्क नसते, आणि मुले मंद आहेत, वर्षभर सांगूनही ‘झाड पडला’, ‘आई आला’ असेच म्हणतात. मुले कोरकू होती. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा शाखेची, या कुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा. तिच्यात नामांचे वर्गीकरण सजीव आणि निर्जीव असे होते, पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग असे नव्हे. मराठीने क्रियापदाच्या शेवटी तीन लिंगांचा जो हिशेब ठेवला आहे, तो या मुलांच्या घरी कोणी ठेवतच नाही. मी त्यांना एवढेच लिहिले आणि एक प्रश्न विचारला : ही मुले ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत कधी घोटाळा करतात का, ऐकून पाहा.

उत्तर चार दिवसांनी आले. घोटाळा करीत नाहीत. हिंदी शाळेतून आलेली एक मुलगी करते, कोरकू मुले करीत नाहीत. हे अपेक्षित होते. कारण ऐकणाऱ्याला धरून आणि ऐकणाऱ्याला वगळून असा भेद कोरकू सर्वनामांत आहे, प्रमाण हिंदीत तो नाही. पण मला अपेक्षित नव्हते ते हे की, त्याच संदेशात आणखी एकतीस वाक्ये होती. ती कोणी मागितली नव्हती. त्यांना गुण नव्हते. वर्गाची मुदत त्या दिवशी संपली होती. ‘मंद’ हा शब्द त्या पत्रात नव्हता. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या क्रियापदांपैकी येथे कोणते लागू पडते, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

सर्वांच्या बाबतीत असे घडले नाही. काहींनी पाठ्यपुस्तकातूनच दहा वाक्ये उतरवून पाठविली. एकाने तर आपल्या सहकाऱ्याचीच वाक्ये पाठविली, दोघांच्या शाळांत ऐंशी किलोमीटरचे अंतर असूनही. तेव्हा ही युक्ती सार्वत्रिक आहे असा माझा दावा नाही. शिवाय तीस-चाळीस जणांच्या वर्गाला प्रत्येकास उत्तर लिहिणे शक्य होते. लाखोंच्या वर्गाला ते शक्य नाही, हा आयोजकांचा आक्षेप मी नाकारू शकत नाही. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे : लाखोंना एकच घटक द्यावयाचा असेल, तर त्यातील उत्तरे लिहिणारा माणूस प्रत्येक केंद्रशाळेत असला पाहिजे. आणि त्याच्यावर होणारा खर्च हा चित्रफितींच्या खर्चातून वाचविता येणार नाही.

याऐवजी खर्च होतो तो पहाऱ्यावर. चित्रफीत पुढे सरकविता येऊ नये अशी कळ. मध्येच उगवणारे ‘तुम्ही आहात का?’ असे बटण. तासाच्या अखेरीस पाच मिनिटेच उघडा राहणारा हजेरीचा अर्ज. यांतील प्रत्येक उपायाला शिक्षकांनी तोड शोधली आहे. चित्रफीत आवाज बंद करून कोपऱ्यात चालते आणि बटण दाबण्याचे काम घरातील शाळकरी मुलाकडे असते. सार्वजनिक पैसा खर्च होत असताना हजेरी घेऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. पण हजेरी ही हजेरी म्हणून घ्यावी. तिला सहभाग म्हणू नये. शिक्षकाला वेळ कोठून मिळतो, याचाही विचार येथे झाला पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शैक्षणिकेतर कामे निषिद्ध ठरविताना जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद केला आहे. वर्षाचे ५० तास या सर्वांतून उरलेल्या रात्रीतून काढावे लागतात. रात्री साडेनऊला जेवणे आटोपल्यावर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाचे लक्ष का लागत नाही, याची कारणे शोधण्यास भाषाविज्ञानाची आवश्यकता नाही.

मराठी घटक सिद्ध करणाऱ्यांना मात्र भाषेच्या बाजूने एक सूचना करावीशी वाटते. घटक प्रसिद्ध होण्यापूर्वी तो एखाद्या शाळेच्या शिक्षकखोलीत, मधल्या सुट्टीत, मोठ्याने वाचून दाखवावा. ज्या वाक्याला ऐकणारे हसतील किंवा ज्या वाक्यावर चहाचे बोलणे सुरू होईल, ते वाक्य बदलावे. आमच्या वर्गाच्या पुढील खेपेच्या घटकांचे असे वाचन दोन शाळांत झाले, आणि माझ्या स्वतःच्या लेखणीतून उतरलेली ‘अपेक्षित आहे’ची अकरा स्थळे तेथे सापडली. त्या एकतीस वाक्यांतील चौदावे वाक्य, ज्यात एका कोरकू मुलाने ‘पाऊस आली’ असे म्हटले आहे, ते आता पहिल्या घटकाच्या पहिल्या पानावर उत्तर न देता छापले आहे. त्याखाली एवढेच लिहिले आहे की, आपल्या वर्गात पाऊस कसा येतो ते ऐकून पाहा.